नजरेचे मीठ

गोंदियाच्या स्टेशनाजवळ माझे फोटोचे दुकान होते. तयार कोरड्या काचा तेव्हा मिळू लागल्या होत्या, पण मी आपला जुन्या पद्धतीने काच चांदीच्या पाण्यात भिजवून, ओली असतानाच फोटो घेई. हे पाणी म्हणजे पाण्यात विरघळवलेले सिल्व्हर नायट्रेट. दिसायला विहिरीच्या पाण्यासारखे स्वच्छ, आणि मीठ पडले की संपले! साधे मीठ असो की मिठाचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, चांदी लगेच पांढरा साका होऊन तळाशी बसते. हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो होतो. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा एक शेतकरीण लेकीला घेऊन आली. लेक दुपारच्या गाडीने नवऱ्यासोबत कलकत्त्याकडे निघाली होती, पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. आईला तिचा एक फोटो हवा होता. मी कॅमेरा लावतोय तेवढ्यात बाईने लेकीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि टाकायला पाणी शोधत थेट पडद्याआड शिरली. तिथे तिला माझी चांदीच्या पाण्याचीच थाळी दिसली!

थाळीत ताक झाले. मी कपाळ बडवून घेतले.

"काऊन ओरडून राहिले, भाऊ?" ती म्हणाली. "पाहा न, केवढी नजर लागली होती पोरीले! सारी निघाली."

"बाई, ती नजर नव्हे, माझी चांदी आहे!"

"मंग नजर नसती त पांढरं कायले झालं असतं?"

काय सांगायचे, डोंबल? चरफडत साका गाळला आणि उरल्या पाण्यात काच भिजवली. फोटो निघाला, पण धुक्यात उभी असावी तशी पोर पुसट. आईने तो पदरात गुंडाळला. गाडी गेली.

वर्षभराने बाई एकटीच आली. पदरात तोच फोटो, मुठीत मीठ-मोहऱ्या. पोरीची काहीच खबर नव्हती.

"थे थाळी आना, भाऊ. तिकडं तिची नजर कोन काढते?"

मी इतका वैतागलो की विहिरीच्या पाण्याची थाळी तिच्यापुढे आदळली. तिने फोटोवरून मूठ उतरवली, पाण्यात सोडली आणि टक लावून बघत बसली. पाणी पांढरे होईना.

"काहीच नाही निघालं," ती हळूच म्हणाली. "म्हंजे पोर बरी आहे न, भाऊ?"

मिठाचा सगळा धडा माझ्या जिभेवर आला होता.

"बरी आहे," मी म्हणालो.