मागितलेली फांदी लागत नाही

वरसेच्या काकूंच्या पडवीत कंपनीचं, शिफ्टचं आणि राजकारणाचं बोलायला बंदी होती. बंदी काकूंनी घातलेली. त्यातली तिसरी माझ्यासाठी होती.

दर रविवारी सकाळी पेणहून मेमू गाडीने रोह्याला उतरायचं आणि रिक्षाने वरसे गाठायचं, हा माझा काही वर्षांचा नेम. मी रामवाडीत भाड्याच्या घरात राहते. माझी झाडं गॅलरीत, तेलाच्या रिकाम्या डब्यांत. काकूंकडे मात्र खरंखुरं अंगण होतं आणि त्यात नुसत्या जास्वंदी. लाल, केशरी, झुंबरासारखी लोंबणारी. कुंपणाच्या कोपऱ्यात एक दुधी होती, मधोमध कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा ठिपका असलेली. आमच्यातला तिसरा म्हणजे दादा. मूळचा कोलाडकडच्या भातशेतीवाल्या घरातला, आता धाटावला एका कंपनीत कामाला. तिघांची ओळख झाडांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली. आम्ही एका नात्याचे नव्हतो, एका वयाचे नव्हतो. फक्त जास्वंदीचे होतो.

काय बोलायचो, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही.

"मिक्सर गेला," काकू सांगायच्या. "पाट्यावर चटणी वाटली तर यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आता मिक्सर दुरुस्तीला न्यायचं नावच काढत नायत."

"मग पाट्यावर काकांनीच बसावं," मी म्हणायचे.

"झाली हिची सभा सुरू. पुढारी, आधी चहा घ्या." हा दादा. मग तो स्वतःचं सांगायचा. "बायको म्हणाली, मोरीत एक तर वॉशिंग मशीन राहील नायतर तुझे डबे."

"मग रे?"

"मशीन आली. डबे मशीनवर ठेवलेत."

काका आतून ओरडायचे, "मशीन चालू झाली की झाडं नाचत असतील." आणि काकू मासळी धुतलेलं पाणी दुधीच्या बुंध्याशी ओतायला उठायच्या.

इकडच्या झाडं लावणाऱ्या मंडळींचा एक रिवाज होता. फांदी मागायची नाही, कोणी द्यायचीही नाही. मागून आणलेली लागत नाही, चोरून आणलेलीच लागते, असं म्हणायचे. पाहुणा झाडापाशी रेंगाळला की घरच्याने काहीतरी निमित्त काढून पाठ फिरवायची. त्या दुधीची गोष्टही तशीच. काकूंचं माहेर पेणच्या बाजूला, खाडीकाठच्या खारेपाटात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी आईच्या अंगणातून ती फांदी चोरली. आई तेवढा वेळ पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. पुढे एका उधाणाला बांध फुटला, खारं पाणी दारात आलं आणि आईच्या दारातली जास्वंद जागच्या जागी वाळली. त्यानंतर ती होती फक्त वरसेला.

मला हा रिवाज पटत नसे. आमच्याकडे वडील पत्रकं काढायचे. नळाचं पाणी, रेशन, मिठागरात राबणाऱ्या बायकांची मजुरी. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले आणि ‘मागणी’ हा शब्द फार लवकर शिकले. हवं ते उघड मागावं, ताठ मानेने मागावं. चोरून घेतलेल्या गोष्टीत देणाऱ्याचाही मान जातो आणि घेणाऱ्याचाही. हे मी पडवीत बोलूनही दाखवलं. मी फांदी मागायचे, काकू हसत कापून द्यायच्या आणि ती माझ्याकडे मरायची.

"सांगितलं होतं ना गो तुला."

"माझ्या गॅलरीत दुपारचं ऊन भिंतीवरून परत येतं. त्याने जळते ती."

"व्हय व्हय. दरवेळी उन्हाचीच चूक."

मग काकांची तब्येत बिघडली. मुलगा दूरच्या शहरात नवव्या मजल्यावर राहतो, तिथे उपचाराला बरं पडेल, असं ठरलं. घर एका बांधकामवाल्याला गेलं. गावाची जमीन अशी मजल्यामजल्याने विकली जाणं कसं चूक आहे, हे मी तावातावाने सांगायला लागले. काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घर माझं, आजारी माणूस माझं. घोषणा कोणासमोर देतेस पोरी?" माझं म्हणणं मला आजही खरं वाटतं. त्यांचंही खरं होतं.

शेवटच्या रविवारी चहा झाला, पोहे झाले, मिक्सर कोणाला द्यायचा यावर वाद झाला. दुधीला दोन फुलं होती. मी फांदी मागितली नाही. मागितलेली लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण त्या एका झाडावर माझं तत्त्व घासून बघायची हिंमत झाली नाही. चोरायला हात उचलेना. निघताना दादा कुंपणापाशी उभा दिसला आणि मला हायसं वाटलं. त्याने दुधीवर हात मारला असणार.

पुढच्याच महिन्यात अंगणात जेसीबी फिरला.

काकूंचा फोन आला तेव्हा पहिलं बोलणं काकांच्या औषधांचं नव्हतं. "दुधीला कळी आली का गो?"

"दादाला विचारते," म्हटलं.

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "माझ्याकडे? मला वाटलं तू मागून घेतलीस. तू मागतेसच ना नेहमी."

"तू कुंपणापाशी काय करत होतास मग?"

"काकू रडत होत्या. त्यांच्या पाठीमागे चोरी करवेना. उगाच उभा राहिलो."

काकूंनी स्वतः तरी एखादी काडी नेली असेल, ही शेवटची आशा होती. फोनवर आडून विचारलं. "मी कशाला आणू? इथला वारा पानं फाडतो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे हाय, म्हणजे हायच ती." त्यांच्या आवाजात इतका निवांतपणा होता की मला खरं सांगता आलं नाही. त्यांच्या आईच्या अंगणातलं तेवढंच उरलं होतं, आणि आम्ही तिघांनी, प्रत्येकाने दुसऱ्यावर विश्वास टाकून, ते घालवलं होतं.

दादाने डोकं लढवलं. "इतक्या वर्षांत त्या कुंपणावरून कोणीतरी हात मारलाच असेल. वरसेकरांवर माझा पूर्ण विश्वास हाय."

मग पुढचा रविवार आम्ही वरसेच्या गल्ल्यांत लोकांच्या कुंपणांवरून डोकावत काढला. एका कुत्र्याने दादाला पिटाळलं. एका आजोबांनी आम्हाला मीटर रीडिंगवाले समजून वाढीव बिलाची तक्रार ऐकवली आणि मी ती मनापासून ऐकली, तेव्हा दादाने मला दंडाला धरून ओढत नेलं. ऊन चढल्यावर, मागच्या एका गल्लीत, धुण्याच्या दगडाशेजारी ती दिसली. भिंतीएवढी वाढलेली. दुधी, मधोमध ठिपका.

एक बाई कोलंबी साफ करत बसली होती. मी सगळी हकीकत सांगितली. काकू, नववा मजला, जेसीबी. तिने मान वर न करता ऐकली.

"सासूनं लावलेली ही," ती म्हणाली. "कुठनं आणली, मला नाय ठाऊक." आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

"एक फांदी द्याल का?"

"मागून नाय लागत गो."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? माझं दूध हाय गॅसवर." ती हात धुऊन आत गेली.

मी दादाकडे पाहिलं. त्याने शांतपणे भिंतीकडे तोंड केलं. आत ती बाई उगाचच भांडी वाजवत होती, फांदी मोडल्याचा आवाज झाकेल इतकी. देणाऱ्याचा मान जातो असं मी पडवीत म्हणाले होते. इथे तो कुठे जाताना मला दिसला नाही. काडी मोडली, ओल्या रुमालात गुंडाळली. आम्ही तिचे आभार न मानता निघालो, कारण आभार मानले असते तर ती दिल्यासारखी झाली असती.

या वेळी डबा मी गॅलरीत ठेवला नाही. न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला, सावलीत. फांदीला फूट आली आहे, दोन पानं पुरती उलगडली आहेत. दादा म्हणतो चोरीमुळे. मी म्हणते सावलीमुळे.

रविवारी आता आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर बोलतो. मिक्सरचं विचारतो, काकांचं विचारतो. पण फोनवर गप्प बसता येत नाही. कोणी गप्प बसलं की दुसरा म्हणतो, आवाज जातोय का? पडवीत आम्ही कितीतरी वेळ गप्प बसायचो आणि कोणाला काही वाटायचं नाही. कोणी तरी वाळलेली पानं खुडत असायचं, आतून काकांच्या खोकल्याचा आवाज यायचा, आणि तेही बोलण्यातच धरलं जायचं.

काकांना बरं वाटलं तर दिवाळीनंतर येऊन जाते, असं काकू म्हणाल्या आहेत. त्या वरसेला नाही, माझ्याकडेच उतरतील. तोवर झाड हातभर तरी होईल. मी त्यांना फांदी देणार नाही. चहा ठेवायला आत जाईन. साखरेचा डबा आजच सगळ्यात वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्यामागे ठेवला आहे. सापडायला वेळ लागेल.