फोटोवाल्याचा पंखा

खुळखुळ्यांना खुळखुळे हे नाव दोनदा पडलं. पहिल्यांदा तरुणपणी, ऑर्केस्ट्रात. तिथले बाकीचे वादक दिग्गज, म्हणजे निदान आपापल्या घरी तरी दिग्गज, आणि यांच्या वाट्याला आला खुळखुळा. रंगमंचाच्या पार कडेला, पडद्याच्या घडीत अर्धे गडप होऊन, चमचमता शर्ट घालून ते दोन हातांनी दोन खुळखुळे हलवत उभे असत. प्रेक्षकांना ते दिसत नसत, पण ते थांबले की गाण्यातून काहीतरी गळून पडल्यासारखं वाटे. हे अर्थात त्यांचं स्वतःचं म्हणणं.

दुसऱ्यांदा नाव पडलं ते नोकरीत. वीज कचेरीच्या भांडारात ते भांडारपाल होते आणि त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात बारा महिने सुटे स्क्रू असत. व्हरांड्यातून आधी खिसा ऐकू येई, मग खुळखुळे दिसत. मधल्या वेळात डुलक्या काढणारे जागे होत, पत्ते खेळणारे फायली उघडत. ऑर्केस्ट्रातल्या नावाचा कचेरीत कुणालाच पत्ता नव्हता. दोन वेगळ्या टोळक्यांनी स्वतंत्रपणे विचार करून एकाच माणसाला एकच नाव ठेवावं, यावरून त्या नावाची योग्यता कळते.

ते स्क्रू असत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरचे. मागच्या खोलीत, शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तो बसवला होता. घेतला होता लेकीच्या अभ्यासासाठी. वर्षाच्या आत अभ्यासाला खोली सोडायला लावून तिथे संगीत राहायला आलं. खुळखुळ्यांना कुणीतरी सांगितलं की यात तबला, व्हायोलिन, बासरी, सगळं वाजवता येतं. जन्मभर खुळखुळा हलवलेल्या माणसाला एकदम अख्खा वाद्यवृंद हाताखाली मिळाला. बढती म्हणतात ती ही. भांडारात ती त्यांना कधी मिळाली नाही.

पण कॉम्प्युटर होता गरीब. वाद्यं वाढली तशी त्याला धाप लागू लागली. तबल्याचं बटण दाबलं की तबला त्याच्या सवडीनं येई, तोवर बासरी पुढे निघून गेलेली असे. नवीन घ्यायचा विचार घरात कुणाच्या मनाला शिवला नाही. खुळखुळे त्याच्यात भर घालू लागले. गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर मेला की बातमी आधी खुळखुळ्यांकडे येई. ते पेचकस घेऊन जात, चेहरा पाडून दोन शब्द बोलत आणि चालू असेल तो अवयव काढून आणत. बदल्यात त्या घराला किंवा दुकानाला एक धून करून देत.

अशी मेमरी आली दंतवैद्याकडून. त्याच्या दवाखान्यात बसलेल्यांसाठी खुळखुळ्यांनी शांत, मधाळ धून बनवली. पुढे ती धून कुठेही कानावर पडली की माणसं गाल धरू लागली. हार्ड डिस्क आली वाचनालयातून. ती खोक्यात मावेना म्हणून बाहेर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून बुटाच्या नाडीनं बांधली होती, त्यामुळे खोक्याचं झाकण कधी लागलंच नाही. आणि पंखा आला फोटोवाल्याकडून. त्यानं हयातभर लोकांना हलू नका, हलू नका म्हणून सांगितलं. त्याचा पंखा मात्र एकदा सुरू झाला की घूंऽऽ करत सगळ्या टेबलाला हलवी. फोटोवाल्याचं दुकान बंद होत होतं, त्याला धून नको होती. तो एवढंच म्हणाला, कधीतरी वहिनींचं गाणं ऐकवा.

वहिनी म्हणजे खुळखुळ्यांची बायको. ती त्याच ऑर्केस्ट्राची गायिका. लग्नाआधीची कित्येक वर्षं खुळखुळ्यांनी तिच्या मागे दोन पावलांवर उभं राहून काढली, आणि लग्नानंतरही अंतर साधारण तेवढंच राहिलं. ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर ती इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर झाली. "थांबा, जोडून देते," एवढं ती म्हणाली तरी पलीकडच्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडे. इस्पितळातले डॉक्टर हे श्रेय औषधांना देत.

रविवारी दुपारी मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण चाले. त्याची एक रीतच ठरून गेली होती. आधी वहिनी खुळखुळ्यांच्या खिशाला हात लावून बघे, मग वाटी पुढे करी. खुळखुळे सगळे स्क्रू वाटीत रिकामे करत. एकदा एका हळुवार कडव्यात त्यांनी नुसतं वजन या पायावरून त्या पायावर टाकलं होतं आणि गाण्यात खुळखुळा आला होता. वहिनीनं तेव्हापासून झडती घ्यायला सुरुवात केली ती कायमची.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे सगळं उलटं. जगात आधी वाजवतात आणि त्यावर गातात. इथे कॉम्प्युटरला एका वेळी वाजवणं आणि ऐकणं झेपत नसे, म्हणून वहिनी आधी एकटीच गाई. कानावर हेडफोन ती चढवू देत नसे, कान झाकून गाणं म्हणजे डोळे मिटून भाजी चिरणं असं तिचं मत होतं. ती गाऊन झाली की खुळखुळे तिच्या आवाजाच्या मापानं भोवती वाद्यं शिवत. तिची पट्टी काळी चार. न पेटी, न तंबोरा, ती डोळे मिटून सूर लावी आणि तो काळी चारच निघे. उन्हाळ्यात मात्र ती अर्ध्या सुरानं चढून पांढरी सहात जाई. खुळखुळे हे कौतुकानं दारोदार सांगत. उष्णतेनं गळा मोकळा होतो, अशी त्यांनी उपपत्तीही मांडली होती. दंतवैद्यानं ती तोंडात आरसा घालून तपासायची तयारी दाखवली, पण वहिनीनं नकार दिला.

अशी वर्षं गेली. लेक मोठी झाली, कॉम्प्युटरचीच इंजिनियर झाली, दुसऱ्या गावी गेली. दोघं निवृत्त झाली. कॉम्प्युटरला निवृत्ती नव्हती, आणि एका रविवारी तो भर अंतऱ्यात मटकन बसला. दोन कडवी गेली. वहिनी म्हणाली, सूर परत लावीन हो, पण मघाचं ते मनातलं कुठून आणू? यावर खुळखुळ्यांकडे पेचकस नव्हता.

लेक सुट्टीला आली ती पिशवीतून ऐवज घेऊन. तिनं आपला कॉम्प्युटर नवा केला होता, त्यातलं उरलेलं सामान जुन्या ओढणीत गुंडाळून आणलं होतं. नवी मेमरी, बिस्किटाएवढी पातळ डिस्क, वीज देणारा नवा डबा आणि ताटलीएवढा मोठा पंखा. बापलेक जमिनीवर चादर पसरून बसली. लेक स्क्रू मागे आणि खुळखुळे खिशातून नेमका त्या मापाचा काढून देत. दंतवैद्य बाहेर आला, वाचनालय बाहेर आलं, बुटाची नाडी सुटली. फोटोवाल्याच्या पंख्यावर साठलेली धूळ खुळखुळ्यांनी फडक्यानं पुसली आणि सगळ्यांना बुटांच्या खोक्यात निजवलं. किती वर्षांनी कॉम्प्युटरच्या खोक्याचं झाकण लागलं.

बटण दाबलं आणि खुळखुळे हवालदिल झाले. पूर्वी ते बटण दाबून अंघोळीला जात, येऊन चहा घेत, तोवर कॉम्प्युटर कसाबसा डोळे उघडी. आता अंघोळीची पंचाईत झाली. शिवाय आवाज नाही. चालू आहे की बंद, हे बघायला ते खोक्यावर तळवा ठेवत, तान्ह्या मुलाचा ताप बघावा तसा. लेक हसून हसून बेजार झाली आणि आपल्या गावी परत गेली.

पुढच्या रविवारी स्क्रू वाटीत पडले. ऑर्केस्ट्राचा प्रत्येक कार्यक्रम ज्या गाण्यानं संपे, तेच वहिनीनं घेतलं. सुंदर गायली. संध्याकाळी खुळखुळे पेटी जुळवायला बसले तर पहिलं कडवं काळी चारात बसलं, आणि दुसरं पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत. तिसरं तर कुठेच बसेना. त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. पण जी बाई फोनवरच्या नुसत्या श्वासावरून पेशंटचा नातेवाईक ओळखायची, तिच्यापासून काय लपणार. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी ती दुसऱ्या कडव्यातच थांबली. तिनं मायक्रोफोन लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळला आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिला.

"उतरतोय आवाज. वयच झालं," ती म्हणाली. "उगाच मशीनला दोष देऊ नका. चहा टाकते."

त्या आवाजाच्या मागे दोन पावलांवर खुळखुळ्यांचं आयुष्य उभं होतं. तो पुढून निघून गेला तर मागे उभं राहायचं कशाच्या? त्यांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण समजूत घालण्यात ते कच्चे. म्हणाले, आपण खालच्या पट्टीत गाऊ. ती म्हणाली, हो, आणि मग त्याच्याही खालच्या, आणि मग नुसतं वाचून दाखवू. त्यानंतर आठवडाभर घरात खुळखुळ झाली नाही. खुळखुळे खिशात हात घालून स्क्रू मुठीत धरून चालत. दूधवाल्यानं तब्येत विचारली.

लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला पहिलं कडवं पाठवलं, तेवढंच धड होतं. ती ऐकून म्हणाली, आईचा आवाज तसाच आहे, अगदी तसाच. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय, आपल्या घरचं गाणं वाटत नाही. मग ती म्हणाली, "बाबा, ते घूं कुठे गेलं? मी लहानपणी त्याच्यावर झोपायचे. आई गायची आणि मागे ते असायचं."

खुळखुळे म्हणाले, बाई, तूच तर काढलंस ते. दोघं हसली. फोन ठेवला आणि खुळखुळे हसायचे थांबले.

लेकीनं नव्या डिस्कवर उतरवून दिलेली जुनी गाणी त्यांनी काढली. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला, वहिनी श्वास घेते त्याच्या आधी, एक रिकामा तुकडा असे. तो ते नेहमी कापून टाकत. मूळ मुद्रणात मात्र सगळे तुकडे होते. त्यांनी आवाज मोठा केला. घूंऽऽ. पेटीवर बोट ठेवलं. काळी चार. दुसरं गाणं, काळी चार. मग एक भर उन्हाळ्यातलं लावलं, ज्यात मागे बर्फवाल्याची हाकही आली होती. घूं जरा घाईत होतं. पांढरी सहा. खोली तापली की पंखा जोरात पळे, सूर चढे, आणि त्याच्याबरोबर वहिनी. गळा मोकळा होण्याच्या उपपत्तीचा तिथेच अंत झाला.

बुटांच्या खोक्यातून त्यांनी फोटोवाल्याचा पंखा काढला. एका लाकडी फळीवर उभा केला, चार स्क्रूंनी आवळला आणि कॉम्प्युटरच्या झाकणातून वायर बाहेर काढून जोडला. वारा घालायला त्याच्यापुढे काहीच नव्हतं, भिंत होती. पंखा दोनदा अडखळला आणि मग घूं म्हणून सुरू झाला. टेबल हलू लागलं.

वहिनी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. खुळखुळे दाराआड उभे राहिले. एक चादर झाली, दोन उशांचे अभ्रे झाले. टॉवेलच्या घडीला तिनं नकळत गुणगुणायला सुरुवात केली. खुळखुळ्यांनी पेटीकडे धावण्याचीही तसदी घेतली नाही, सूर काळी चारच होता. अर्धा टॉवेल हातात धरून वहिनी थांबली, आणि आवाजाच्या मागावर मागच्या खोलीत आली. त्यांनी सगळं सांगितलं, पुराव्यासह, बर्फवाल्यासह.

ती पंख्याजवळ वाकली.

"म्हणजे इतकी वर्षं मी या पंख्याच्या जिवावर गात होते?"

"तू पंख्याच्या," खुळखुळे म्हणाले, "आणि मी तुझ्या."

वहिनीनं टॉवेलची राहिलेली घडी घातली. सगळ्या गावाला माझ्या काळी चारचं कौतुक सांगत फिरलात, आता कोणत्या तोंडानं सांगणार, असं ती पुटपुटली आणि कपाटाकडे वळली. स्वेटर उलगडला.

लेकीला कळलं तेव्हा तिनं सांगितलं, बाबा, रेकॉर्डिंगमधून ते घूं एका क्षणात पुसता येतं, मी शिकवते. खुळखुळे म्हणाले, तू तुझ्या गावी सुखानं राहा.

त्या रविवारी पंखा फळीवर गरगरू लागला. सवयीनं खुळखुळ्यांनी वाटी पुढे ओढली आणि खिशात हात घातला. वहिनीनं डोळे मिटले होते, सूर लावायच्या बेतात होती. तिनं न बघताच वाटी बाजूला सारली.

"राहू दे खिशात," ती म्हणाली. "मागे उभे राहा. नेहमीसारखे."