तिघांच्या सह्या

हडपसरला आमची तीन मजली इमारत आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं. वडिलांनी ती दादा, मी आणि धाकटा भाऊ अशा तिघांच्या नावावर एकत्र ठेवली. वाटणी नाही. महिन्यातून एका रविवारी ते आम्हाला तिथे बोलवत. गच्चीवर उभ्याउभ्या दुरुस्ती, भाडेकरू सगळं ठरायचं. मग कोपऱ्यावर मिसळ. जो चिडेल त्याने बिल द्यायचं, हा वडिलांचा नियम. बहुतेक वेळा दादाच द्यायचा.

वडील गेल्यावर दादाने ट्रस्टचा आग्रह धरला. "उद्या आपली पोरं भांडतील. सगळं कागदावर असू दे." कागद उत्तम झाला. कोणताही भाडेकरार, कोणतंही मोठं काम, तिघांच्या सह्या हव्यात. त्या दिवशी दादा म्हणाला, "आता रविवारची धावपळ कशाला? सगळं लिहिलंय ना." रविवार बंद झाले.

पुढे खालचा औषधवाला सोडून गेला. दादाने एका बेकरीवाल्याला परस्पर हो म्हटलं आणि करारनामा धाकट्याकडे कुरिअरने पाठवला. धाकट्याने तो तसाच ठेवून दिला. मी त्याला फोन केला.

"ताई, मी सहीला नाही म्हणतोय का? त्याने आधी एक फोन करावा."

"मग तू कर."

"मी का? माझ्याकडे कुरिअर आलंय. उत्तरही कुरिअरने जाईल."

दादा म्हणाला, "मी मोठा आहे." संपलं.

बेकरीवाला कंटाळून गेला. मग लिफ्ट बिघडली. तिच्या दुरुस्तीच्या कागदावर या वेळी दादाने सही केली नाही. वरची ऑफिसं एकेक करून रिकामी होऊ लागली. भाऊबीजेला मी एकाला सकाळी ओवाळते, दुसऱ्याला संध्याकाळी.

परवा वरच्या शेवटच्या भाडेकरूनेही, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, किल्ली परत दिली. "म्हातारे पेशंट जिना चढत नाहीत हो. तुम्ही तिघं एकदा बसा ना."

"बसतो," मी म्हणाले. तिथून थेट वकिलांकडे गेले.

"ट्रस्टची डीड पक्की आहे, मॅडम. एकटं कोणीही इमारत विकू शकत नाही."

"आणि चालवू?"

"तेही नाही. कोर्टात जाता येईल. पण अर्ज भावांविरुद्ध करावा लागेल. मसुदा करू?"

दुसरं काही सुचत नव्हतं. मी हो म्हणाले. त्यांनी दोघांची पूर्ण नावं विचारली, मग पत्ते. मी सांगत गेले.