जे वाचलं नाही ते धरलं नाही

आमच्या काकूला सगळे टेंडरकाकू म्हणतात. पाठीमागे म्हणतात तसं तोंडावरही म्हणतात, आणि ती खुशाल ओ देते. काका लोखंडाचा माणूस. दवाखान्याच्या खाटा करतो. पाठ उचलायचा दांडा असा बसवतो की आजारी माणसानं स्वतः एका हातानं फिरवावा. पण चारचौघांत बसवलं की त्याच्या तोंडाला कुलूप. मग खाटा विकायच्या कुणी? काकूनं पदर खोचला.

परदेशातली एक मोठी बँक सरकारला दवाखान्यांसाठी कर्ज देते, आणि कर्जाबरोबर नियमांचं बाडही देते. माल कुणाकडून घ्यायचा, कसा घ्यायचा, सगळं त्यात. भले भले ते बाड बघून काढता पाय घेतात. काकू चुलीवरचं उतू जाईस्तोवर ते वाचत बसायची. पहिलं टेंडर भरलं तेव्हा पानोपानी सह्या केल्या आणि काकाच्या नावानं सही करायचं अधिकारपत्र घरी विसरली. तिथल्या तिथे बाद. घरी येऊन स्वतःच हसली. म्हणाली, “मांडव घातला, वाजंत्री आणली, अन् नवराच आणायचा राहिला.”

त्यानंतर कागदापायी ती कधी बाद झाली नाही. हळूहळू पंपवाले, शाळेचे बाक करणारे तिच्याकडे कागद लावून घ्यायला येऊ लागले. ती फी घेते. “फुकटचा सल्ला या कानानं घेतात अन् त्या कानानं सोडतात,” म्हणते.

यंदा त्याच कर्जातून सगळ्या आरोग्यकेंद्रांच्या खाटांचं टेंडर निघालं. शेडमध्ये काम उरलं नव्हतं. वेल्डर विड्या फुंकत बसायचे. हे मिळालं तर शेड चालणार, नाही मिळालं तर अर्ध्या शेडला टाळं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टेंडर उघडायच्या दिवशी टेम्पो घेऊन मी बरोबर होतो. तो हॉल मी आधीही बघितलेला, तरी दर वेळी मला तिथं देवळात आल्यासारखं होतं. समोर लांब टेबल, त्यावर लाखेनं बंद केलेली पाकिटं. मंत्र्याचा मेहुणा असो की आमची काकू, पाकीट सगळ्यांदेखत फुटतं आणि भाव सगळ्यांदेखत वाचला जातो. त्यासाठीच एक नियम आहे: उघडताना जे मोठ्यानं वाचलं नाही, ते पुढे धरायचं नाही. कागद आत असला तरी नाही.

टेबलामागे खरेदी समितीच्या बाई होत्या. त्यांचा कारकून पाकिटं फोडत होता, बाई वाचत होत्या. आमच्या शेजारी मोठ्या कंपनीचा टायवाला बसलेला, मान खाली, मोबाईलमध्ये बुडालेला. त्याच्या कंपनीचा भाव वाचला, मग आमचा. आमचा कमी! बाकी सगळ्यांपेक्षा कमी! मी काकूच्या दंडाला चिमटाच काढला.

काकू हलली नाही. ती टेबलाकडे बघत होती. कंपनीच्या मोठ्या पाकिटातून एक छोटं गुलाबी पाकीट निघालं होतं, आणि कारकुनानं ते न फोडताच गठ्ठ्याखाली सरकवलं होतं. मुद्दाम की गडबडीत, देव जाणे. तसलं पाकीट काकूही लावते. त्यात आपलाच भाव आणखी उतरवणारं सवलतीचं पत्र असतं.

“सगळं वाचून झालं,” बाई म्हणाल्या. “वाचलेल्या भावांच्या नोंदीवर सह्या करा.”

“काकू, चल,” मी कुजबुजलो. “टायवाल्याचं लक्ष नाही. आपल्याला काय करायचंय?”

काकू उभी राहिली. “बाई, यांचं गुलाबी पाकीट वाचायचं राहिलंय.”

टायवाल्यानं मान वर केली आणि काकूकडे भूत बघितल्यासारखा बघत राहिला. बाईंनी पाकीट शोधलं, फोडलं, सवलत वाचली. सवलत धरून कंपनी आमच्या खाली गेली.

काकूनं नोंदीवर काकाच्या नावानं सही केली. टायवाला दारापर्यंत मागे आला. “मावशी, तुम्ही... का?”

“कारण तुम्ही झोपला होतात,” ती म्हणाली आणि टेम्पोत चढली.

वाटेत माझा तोल सुटला. “आता वेल्डरांना काय सांगणार? धर्म केला म्हणून?”

“धर्म कसला रे डोंबलाचा,” ती म्हणाली. “तिथं मोठ्यानं वाचतात, म्हणून तर आपल्याला त्या हॉलमध्ये जागा आहे. बंद खोलीत ठरलं असतं तर खाट सोड, खाटेचा पायही कुणी आपला घेतला नसता. ते वाचणं मीच मोडू दिलं, तर मग मी तिथं कशाला जाऊ?”

मी गिअर टाकायचं विसरलो. मागून हॉर्न वाजायला लागले. इतकी वर्षं मी हिला बरोबर नेतो-आणतो, आणि ही बाई कुठल्या उंचीवरून बघते ते मला आज कळत होतं.

शेडमध्ये तिनं आडपडदा ठेवला नाही. “टेंडर गेलं. मी बोलले म्हणून गेलं.”

थोरला वेल्डर उठला. “काकू, लक्ष्मी दारात आली होती अन् तुम्ही तिला शेजारचं घर दाखवलंत. मी उद्यापासून दुसरीकडे बघतो.”

“बघ. तुझ्या हाताला खोट नाही असं लिहून देते.”

तो खरंच गेला. चिठ्ठी घेऊन गेला, आणि जाताना शिव्याही देऊन गेला. काकूनं त्याही ऐकून घेतल्या.

काका इतका वेळ ऐरणीपाशी उभा होता. त्यानं शेडच्या मागच्या भागाचे दिवे घालवले, दार ओढलं, कुलूप लावलं. किल्ली काकूच्या हातात देताना म्हणाला, “तिथं सगळं वाचून झाल्यावरच माझ्या नावानं सही केलीस ना?”

“केली.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये कामाला लागला.