वेईची सुट्टी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. बोलावं असं माणूस जवळ नव्हतंच म्हणा. जे एक होतं, त्याच्याच बाबतीतली ही गोष्ट आहे. मग सांगणार कुणाला?

मी लंडनच्या कडेला, हाउन्सलोला राहते. एकटी. मूळची नागपूरची, वय बावन्न. विमानतळाजवळच्या एका कार्गो कंपनीच्या ऑफिसात एकोणीस वर्षं झाली. कामात चोख, बोलायला जराशी फटकळ. टीममधल्या सगळ्यांच्या रजांचं कॅलेंडर माझ्याकडे असतं.

वेई माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो. चीनहून आलेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शांत. बायको लिंग, मुलगी एमी, तेव्हा सात वर्षांची. दर वर्षी चिनी नववर्षाला ही तिघं घरी जायची. घरी म्हणजे वेईच्या आईकडे. आधी विमान, मग सहा तास ट्रेन. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या कुटुंबानं एका टेबलाभोवती बसून जेवायचं, ही त्यांची रीत. त्या जेवणाला नसणं म्हणजे — काय सांगू — आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे पाटावर बसलेत आणि एक पाट रिकामा, तसं.

आमची मैत्री जमली तीसुद्धा यावरूनच. इंग्रजांचा ख्रिसमस कसा, एका तारखेला पक्का. आमचे सण चंद्राच्या मागे फिरणारे. दर वर्षी मॅनेजरला नव्यानं समजावा. पहिल्याच वर्षी मी वेईला माझं मराठी कॅलेंडर उघडून दाखवलं. पौषातली अमावस्या आली की यांचं नवं वर्ष, एखाद्या वर्षी माघातली. त्याला कोण आनंद झाला! तेव्हापासून त्याच्या सणाची तारीख मीच आधी काढायची. त्याच्या सणाला मी त्याचं काम बघायचं, माझ्या महालक्ष्म्यांना त्यानं माझं. ठरूनच गेलं.

त्यांना विमानतळावर सोडायलाही मीच जायचे. माझ्या छोट्या गाडीत बॅगा कोंबायच्या, आजीसाठी घेतलेले बिस्किटांचे डबे एमीच्या मांडीवर. आजीला म्हणून दाखवायचं गाणं ती आधी मला म्हणून दाखवायची. तिघं आत गेली की मी गाडीत जरा वेळ नुसती बसून राहायचे. मग घरी. पुढचे दोन आठवडे कामापलीकडे कुणाशी एक शब्द नाही. सुपरमार्केटातल्या पैसे घेणाऱ्या मशीनला मी थँक यू म्हणायचे. हसू नका.

मग मी का नाही जायचे नागपूरला? आई गेली आणि महालक्ष्म्या भावाकडे गेल्या. वहिनी वाईट नाही. फोनवर एवढंच म्हणाली होती, "ताई, तुम्ही येणार असाल तर आधी कळवा हं. माझ्या माहेरचे सगळे येताहेत, झोपायची सोय बघावी लागेल." यात वाकडं काय आहे? काहीच नाही. मी कळवलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. रजा मात्र मी दर वर्षी घ्यायचे. वेई माझं काम ओढायचा, आणि मी इथेच, हाउन्सलोत, पडदे लावून घरात. रजा संपली की वहिनीनं पाठवलेले फोटो त्याला दाखवायचे — हे बघ, आमच्या घरच्या महालक्ष्म्या. पण या लबाडीचं मला एवढं काही वाटत नाही. टाळाटाळ करतेय मी, कळतंय ना तुम्हाला?

तर त्या वर्षी ऑक्टोबरात वेईनं विचारलं, "तिकिटं बुक करू का?" मी म्हटलं, "थांब, आधी रजा अप्रूव्ह होऊ दे." पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. आमची नवी सिस्टिम कधी सुरू करायची ते ठरणार होतं. वेई त्या दिवशी एमीच्या शाळेत गेला होता. मॅनेजरनं एक आठवडा सुचवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, चायनीज न्यू इयर तेव्हाच नाही ना? वेईशिवाय जमणार नाही.

बाईनं आठवणीनं विचारलं. आणि मी — माझ्या स्वयंपाकघरातल्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्या अमावस्येभोवती पेनानं गोल काढलेला होता, मीच काढला होता — मी म्हटलं, नाही, ते त्याच्या पुढच्या महिन्यात आहे.

चूक नव्हती ती. घाई नव्हती, गोंधळ नव्हता. मला तारीख माहीत होती.

वेईला सांगितलं की मी पुष्कळ भांडले, पण मॅनेजर ऐकायलाच तयार नाही. वर हेही सांगितलं की तू आता परत तिच्याकडे जाऊ नकोस, वाईट दिसेल. तो नाही गेला. एवढंच म्हणाला, "तू ट्राय केलंस ना. इट्स ओके." मी त्याला चहा करून दिला.

का केलं मी असं? हेवा वाटायचा, हे तर आहेच. पण खरं कारण त्याहून क्षुल्लक आहे, सांगायला लाज वाटते. ते गेले नाहीत तर ते जेवण हाउन्सलोत होईल. आणि इथे झालं तर मला बोलावतील. मला त्या टेबलावर बसायचं होतं. बस, एवढंच.

आणि अजून एक आहे. हे गाळलं तर वरचं सगळं सांगून काय उपयोग? वेईची आई विसरायला लागली होती. फोनवर एकदा तिनं तीनदा विचारलं, एमी कोण? डॉक्टर म्हणाले होते, भेटायचं तर याच वर्षी भेटा. वेईनं हे मला सांगितलं होतं, डोळे पुसत सांगितलं होतं. मीटिंगच्या नंतर नाही. आधी.

पुढच्या वर्षी ते गेले. परत आले तेव्हा आणायला मीच गेले होते. एमी मागे गप्प बसलेली. लिंगनं सांगितलं, आजीनं एमीला शेजारची मुलगी समजून लाडानं जेवू घातलं. मग म्हणाली, आता घरी जा हो बाळ, तुझी आजी वाट बघत असेल. मी गाडी चालवत राहिले.

पण मला रात्रंदिवस जे आठवतं ते हे नाही. मला आठवतं ते जेवण, आदल्या वर्षीचं, त्यांच्या इथल्या घरी. तिकडे संध्याकाळचे सात, आमच्याकडे सकाळचे अकरा. वेई घरूनच काम करत होता. लॅपटॉप बाजूला उघडा. लिंगनं माझ्यासाठी कोबी आणि टोफूची वेगळी डंपलिंग्ज केली होती, त्यांचा डबासुद्धा वेगळा ठेवला होता. पाण्याच्या जगला फोन टेकवून ठेवलेला. त्यात वेईची आई, समोर जेवण मांडून, आणि शेजारी तीन रिकामे वाडगे, चॉपस्टिक्ससकट — न आलेल्या तिघांचे. त्या दिवशी तिला सगळं आठवत होतं. एमी, एमी, अशा सारख्या हाका मारत होती. एमीनं गाणं म्हटलं.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. वेईनं तिला काहीतरी सांगितलं. तिनं हातातला वाडगा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मान लववली.

"आई तुला थँक यू म्हणतेय," वेई म्हणाला. "आमच्यासाठी एवढी भांडलीस म्हणून."

मी हात जोडले. मी नीट दिसावं म्हणून एमी बाजूला सरकली, अर्धी फोनच्या बाहेर गेली. मी तिला थांब म्हटलं नाही. खुर्ची पुढे ओढून तिच्या जागी बसले, आणि कित्येक वर्षांनी पोटभर जेवले.