मागच्या गाडीचा ब्रेक

आर्डिस स्कोग्लंडला आवाज चढवायची सवय नव्हती, कारण तिला त्याची गरजच पडत नसे. उत्तर डकोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला. तिथं एखादं पोरगं गाजर नको म्हणून ताट मागं ओढायचं, तर ती डाव हातात धरून नुसती उभी राहायची. रांग तुंबायची, मागची पोरं ओरडायला लागायची आणि शेवटी पोरगं गाजर घ्यायचं. नवरा ऑर्व्हल तिला 'नॉर्वेजियन खेचर' म्हणायचा. आपणही त्याच तबेल्यातले, हे मात्र तो सोयीस्करपणे विसरायचा.

ऑर्व्हलनं आयुष्यभर डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं आणि बसएवढी घरगाडी घेतली. चूल, पलंग, न्हाणी, सगळं आतच. हिवाळा ॲरिझोनात, उन्हाळा डोंगरात. घरगाडीच्या मागं लोखंडी दांड्यानं जोडलेली एक छोटी लाल मोटार असायची. मुक्कामाला पोचलं की ती सोडायची आणि किराण्याला, चर्चला घेऊन जायचं. एवढी वर्षं ऑर्व्हल स्टिअरिंगच्या चाकावर आणि आर्डिस शेजारी, मांडीवर नकाशा घेऊन.

मग ऑर्व्हलचे डोळे गेले. पार गेले नाहीत. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसट. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. लगेच मुलाचा, कर्टिसचा फोन आला. तो बिगहॉर्न डोंगरांच्या घाटापलीकडे, वरलंडला राहायचा.

"आई, आता पुरे. गाडी विकून टाकू. आमच्या तळघरात तुमची छान सोय होईल."

"मी चालवीन की," आर्डिस म्हणाली.

"तू? एवढं धूड? आई, तू साधी मोटार मागं घ्यायची तरी बाबांना खाली उतरवतेस."

"शिकेन."

शेवटी ठरलं ते असं. आर्डिसनं घाट उतरून घरगाडी कर्टिसच्या दारात आणायची आणि निकाल बाबांनी द्यायचा. बाबा म्हणाले जमतंय, तर घरगाडी राहिली. नाही म्हणाले, तर विकायची. आर्डिस कबूल झाली. कर्टिसच्या तळघराला एकच खिडकी होती आणि तिच्यातून गवताची मुळं दिसायची.

जत्रेच्या मोकळ्या मैदानावर ती महिनोन्महिने घरगाडी चालवायला शिकली. शिकता शिकता तिच्या मनानं घेतलं, की मागच्या मोटारीला स्वतःचा ब्रेक हवा. तशी एक पेटी मिळते. ती मोटारीत चालकाच्या पायाशी ठेवायची आणि तिचा लोखंडी हात ब्रेकच्या पेडलला आवळायचा. पुढची घरगाडी मंदावली की पेटीला ते कळतं आणि ती मागच्या मोटारीचा ब्रेक आपण होऊन दाबते. पेटी नसली तर उतारावर ती मोटार आपलं सगळं वजन पुढच्या गाडीच्या पाठीवर टाकते.

ऑर्व्हलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इतकी वर्षं मी बिनब्रेकची ओढली. झालं काही कधी?"

"तू ओढलीस. आता मी ओढणार आहे."

"अगं, खेळणं आहे ते! माझ्या टँकरला मागं बांधलं असतं तर मला पत्तासुद्धा लागला नसता."

"डकोटात उतार कुठं होते रे? तिथं सगळ्यात उंच म्हणजे धान्याचं कोठार."

पेटी आली. ऑर्व्हलनं तिचं नाव 'सासूबाई' ठेवलं; मागं बसून ब्रेक दाबते म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. आर्डिसनं त्याला हसू दिलं आणि पेटी मोटारीत बसवली.

वरलंडला जाताना घाटमाथ्यावर त्यांनी थांबून सँडविच खाल्लं. ऑर्व्हल पाय मोकळे करायला म्हणून मागच्या बाजूला गेला, जरा वेळानं परत आला. उतरायच्या आधी तपासणी करायचा आर्डिसचा नेम होता. ती चाकावर बसून बटण दाबायची, मागं पेटी चालायची, आणि ऑर्व्हल मोटारीचं दार उघडून पेडल हातानं चाचपून बघायचा आणि ते दाबलं गेलं की ओरडून सांगायचा. डोळ्यांचं काम तो हातांनी चोख करायचा.

तिनं बटण दाबलं.

"दाबलं!" ऑर्व्हल ओरडला आणि त्यानं धाडकन दार लावलं.

आर्डिस जागची हलली नाही. रोज हा माणूस तपासणीला कुरकुरायचा. 'सासूबाई झोपल्यात,' म्हणायचा, 'उठल्या एकदाच्या,' म्हणायचा. आज एका शब्दात उत्तर, आणि तेही तिनं बटण दाबल्या दाबल्या. चोराच्या मनात चांदणं. ती उतरली, मागं गेली आणि मोटारीचं दार उघडलं.

पेटीचा हात पेडलपासून सुटून खाली पडला होता. आवळायचा स्क्रू पूर्ण सोडवलेला होता.

"हा आपोआप सुटत नाही, ऑर्व्हल."

"खड्ड्यांनी सुटला असेल."

"माझ्याकडे बघ."

"बघून काय उपयोग? तू नेमकी दिसत नाहीस."

एरवी ती या विनोदाला हसली असती. आज ती डाव धरल्यासारखी नुसती उभी राहिली. वारा होता, गार होता. ऑर्व्हलनं टोपी काढली, परत घातली.

"मी सोडला," तो म्हणाला. "तुला खाली पोचू देणार होतो. पोचलीच असतीस तू, मला माहीत होतं. मग सांगणार होतो, की बघ, ब्रेक नव्हताच. माझंच बरोबर होतं. चाक गेलं, नकाशा वाचता येत नाही, कॉफी ओतली तर बाहेर सांडते. एवढं एक तरी माझं बरोबर निघालं असतं."

आर्डिसला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

"आणि मी पोचले नसते तर?"

त्यानं टोपी पुन्हा काढली.

"लग्नाच्या नवऱ्यानं माझ्या जिवाशी पैज लावली, आणि ती सुद्धा मला न विचारता. तुझे डोळे गेले त्याचं मला दुःख आहे रे, रोज आहे. पण म्हणून मी आंधळ्यासारखी घाट उतरणार नाही. बस खाली. ज्या हातांनी सोडलास, त्याच हातांनी लाव."

तो गुडघे टेकून बसला. पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबलं, पेटी सरकवली, चाचपत हात बसवला, स्क्रू आवळला. आर्डिसनं वाकून स्वतः बघितलं, हिसडा देऊन बघितलं. मग चाकावर जाऊन बटण दाबलं.

या वेळी मागून आवाज जरा उशिरानं आला. "दाबलं, आर्डिस. हाताखाली आहे माझ्या."

ती उतरून परत एकदा बघून आली. तिनं विश्वास ठेवला नाही, आणि ते लपवलंही नाही.

मग तिनं खालचा गिअर टाकला आणि घाट उतरायला घेतला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. सतत पाय ठेवून तो तापवायचा नाही. तिच्या पाठीला घाम फुटला होता, पण हात घट्ट होते. मागून एक ट्रकवाला हॉर्न देत सुटला. "देऊ दे," ती म्हणाली आणि आपल्याच चालीनं चालत राहिली.

एका वळणापलीकडे अख्खा रस्ता गाईंनी भरला होता. कोणीतरी कळप खालच्या कुरणाकडे नेत होतं; घोड्यावरच्या बाईनं हात वर केला. आर्डिसनं ब्रेक दाबला, या वेळी जोरात. ऑर्व्हलनं दोन्ही पाय रोवले आणि तो मागच्या धक्क्याची वाट बघू लागला. इतकी वर्षं अशा वेळी मागून यायचाच तो धक्का, त्याच्या पाठीला पाठ होता.

तो आला नाही. घरगाडी आणि मोटार एकदमच थांबल्या. समोर एक वासरू काचेकडे बघत रवंथ करत होतं.

"ढकललं नाही तिनं," ऑर्व्हल म्हणाला.

"नाही."

गाई एकेक करून पुढे सरकल्या. तो मांडीवर पालथे ठेवलेले आपले हात चोळत राहिला. पुढचा सगळा उतार त्यानं एकही सूचना केली नाही. त्याच्यासाठी ते सोपं नव्हतं, हे तिला कळत होतं.

कर्टिस दारातच उभा होता. आर्डिसनं घरगाडी रस्त्याच्या कडेला नीट लावली, चाकाखाली ठोकळे घातले. कर्टिसनं तिला मिठी मारली खरी, पण विचारलं बापाला.

"काय बाबा? खरं सांगा हं. जमतं आईला?"

आर्डिसनं ऑर्व्हलकडे बघितलं नाही. तिनं घाटात त्याच्याकडून काही वचन घेतलं नव्हतं, आणि आता इशाराही करणार नव्हती. हो म्हणणं त्याला सोपं होतं. नाही म्हणणं त्याहून सोपं होतं.

"मी मागचा ब्रेक काढून ठेवला होता," ऑर्व्हल म्हणाला. "चोरून. आणि लावलाय म्हणून खोटं बोललो. तिनं मला पकडलं, परत लावायला लावला, आणि मगच गाडी हलवली. ही गाडी मी चालवायचो तेव्हा मी असा कधी थांबलो नाही. तुला निकाल हवाय ना? मग त्या तळघरात दुसरं काहीतरी भर."

कर्टिस आ वासून एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत राहिला. आर्डिसचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधाच होता.

"उद्या सकाळी निघू," ती म्हणाली. "आणि ऑर्व्हल, ब्रेक तूच लावायचास. मी रोज बघणार आहे."

"बघ," तो म्हणाला. "बघितल्याशिवाय निघूच नकोस."