डाव्या हातानं वाढलेला शिरा
डाव्या हातानं वाढला म्हणून शिरा कमी गोड लागतो का? केळं घातलेल्या शिऱ्याचा वास आला की मला चंदीगडमधल्या एका मराठी फौजी घरातला गणपती आठवतो. आरतीनंतर त्या घरातली, हिंदीतच वाढलेली छोटी मुलगी हौसेनं प्रसाद वाटत होती. "डाव्या हातानं नको गं!" एक काकू ओरडल्या. "पर आंटी, मैं तो इसी से लिखती हूँ!" "लिही की, पण प्रसाद सीधे हाथ से." तिनं चमचा उजव्या हातात घेतला, शिरा सतरंजीवर सांडला आणि सगळे हसले. ती रडत आत गेली. मराठीत कमी ठरतं ते डावं, हिंदीत उजवा हात 'सीधा' आणि डावा 'उलटा'. आणि समतेची पत्रकं वाटणारी मी गप्प बसले, याचा अजून संताप येतो. तुमच्यासमोर असं घडलं तर तुम्ही तरी बोला, आणि अशा मुलीकडून तिच्या डाव्या हातानंच प्रसाद मागून घ्या.